अडल्या दिवसाची बँक: रोजच्या व्यवहारांसाठी खातं कुठे उघडावं?

सगळं सुरळीत चालू असतं तेव्हा सगळ्या बँका सारख्याच वाटतात. पगार जमा होतो, बिलं भरली जातात, कार्ड चालतं. कोणती बँक कशी आहे हे कळतं ते काहीतरी अडलं की. माझं पहिलं खातं मी कार्डाचा रंग आवडला म्हणून उघडलं होतं, हे आता सांगायला लाज वाटत नाही. वर्षभर काहीच तक्रार नव्हती. मग एका रात्री मशीनमधून नोटा आल्या नाहीत, खात्यातून रक्कम मात्र वजा झाली. हेल्पलाइनवर 'अमुकसाठी एक दाबा, तमुकसाठी दोन दाबा' हे ऐकत अर्धा तास गेला. शेवटी जो माणूस भेटला त्याने 'शाखेत जा' म्हणून सांगितलं. शाखेने 'हेल्पलाइनला फोन करा' म्हणून परत पाठवलं. पैसे आले, पण दीड महिन्याने.

तेव्हापासून कोणी विचारलं की माझा पहिला सल्ला ठरलेला असतो: बँक चांगल्या दिवसासाठी निवडू नका, अडल्या दिवसासाठी निवडा. पहिल्यांदाच खातं उघडणाऱ्यांना आणि नव्या गावात किंवा नव्या देशात येऊन पुन्हा श्रीगणेशा करणाऱ्यांना हे कसं करायचं, ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: आपला महिना कागदावर उतरवा

बँकांची तुलना करायला बसण्याआधी स्वतःकडे बघा. गेल्या तीन महिन्यांत पैसे कुठून आले, कुठे गेले, कोणत्या मार्गाने गेले, एवढं लिहून काढा. एक महिना पुरत नाही, कारण शाळेची फी, विम्याचा हप्ता, गाडीचं सर्व्हिसिंग असले खर्च तीन महिन्यांतून एकदा डोकं वर काढतात.

या कागदावरून काही प्रश्नांची उत्तरं मिळाली पाहिजेत. उत्पन्न ठरलेल्या तारखेला येतं की कधीही? महिनाअखेरीला खात्यात किती उरतं? रोख रक्कम भरायची वेळ येते का? छोटा व्यवसाय असलेल्यांसाठी हा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण फक्त अ‍ॅपवर चालणाऱ्या बँकांमध्ये नोटा भरणं हाच मोठा उपद्व्याप असतो. चेक लागतात का? परदेशातून पैसे येतात की तिकडे पाठवायचे असतात? घरात कोणी असं आहे का, ज्याला फोनवर बँकिंग जमत नाही आणि खिडकीपाशी बसलेला माणूसच लागतो?

हा कागद हातात नसेल तर बँकेचा माणूस तुमच्या गरजा तुम्हाला सांगतो. आणि त्या नेमक्या त्याच्या त्या महिन्याच्या टार्गेटशी जुळतात, हा योगायोग नसतो.

दुसरी पायरी: ही खरंच बँक आहे का, आणि ती बुडाली तर काय?

या पायरीवर जरा थांबू, कारण नवखे लोक हीच गाळतात.

आधी एक कटू गोष्ट समजून घेऊ. खात्यात ठेवलेला पैसा कायद्याने तुमचा राहत नाही, तो बँकेचा होतो. बँक तुमची देणेकरी बनते. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८४८ साली फॉली विरुद्ध हिल या खटल्यात हे स्पष्ट केलं आणि बँक व खातेदार यांच्या नात्याची ती व्याख्या पुढे अनेक देशांनी स्वीकारली. म्हणजे खातं उघडताना आपण बँकेला कर्ज देत असतो. कर्ज देताना आपण समोरच्याची पत बघतो ना? तसंच इथेही करायचं.

मात्र ताळेबंद वाचून बँकेची पत ठरवणं सामान्य माणसाला जमत नाही आणि जमण्याची अपेक्षाही नाही. त्यासाठीच ठेव विमा असतो, म्हणजे बँक बुडाली तर ठरावीक रकमेपर्यंत पैसे परत मिळण्याची हमी. अमेरिकेत महामंदीत हजारो बँका बुडाल्यावर १९३३ मध्ये एफडीआयसी ही संस्था उभी राहिली. १ जानेवारी १९३४ पासून विमा सुरू झाला तेव्हा मर्यादा २,५०० डॉलर होती, आता ती २,५०,००० डॉलर आहे. भारतात १९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक बुडाली, त्यानंतर १९६२ पासून ठेव विमा आला, सुरुवातीची मर्यादा १,५०० रुपये. १९९३ पासून ती १ लाख होती आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपये झाली. मुद्दल आणि व्याज दोन्ही मिळून. युरोपीय संघात ही मर्यादा १,००,००० युरो आहे.

नुसता आकडा पाठ करून भागत नाही. त्यातल्या खाचाखोचा अशा:

मर्यादा दर माणशी, दर बँक असते. एकाच बँकेच्या चार शाखांत चार खाती काढली तरी सगळ्यांची बेरीज होते, वाढीव संरक्षण मिळत नाही. कधी कधी पाट्या दोन आणि परवाना एकच असतो. ब्रिटनमध्ये हॅलिफॅक्स आणि बँक ऑफ स्कॉटलंड ही दोन वेगळी नावं दिसतात, पण परवाना एकच असल्याने दोन्हीकडचे पैसे एकाच मर्यादेत मोजले जातात. संयुक्त खात्याचा हिशेब देशागणिक बदलतो, तो आपल्या देशाच्या विमा संस्थेच्या संकेतस्थळावर बघावा. आणि बँकेच्या काउंटरवर विकले जाणारे म्युच्युअल फंड, रोखे किंवा विमा पॉलिसी यांना हे कवच अजिबात लागू नसतं. विकणारा बँकेचा कर्मचारी असला म्हणून ती ठेव होत नाही.

अर्धवट विमा असला तर काय होतं, ते २००७ च्या सप्टेंबरमध्ये दिसलं. ब्रिटनमधल्या नॉर्दर्न रॉक बँकेबाहेर लोकांनी रांगा लावल्या. तेव्हा तिथे पहिल्या २,००० पौंडांना पूर्ण संरक्षण होतं आणि पुढच्या ३३,००० पौंडांना फक्त ९० टक्के. दहा टक्के बुडण्याची शक्यता असताना घरी बसण्यापेक्षा रांगेत उभं राहणं शहाणपणाचंच होतं. त्यानंतर महिनाभराच्या आत, १ ऑक्टोबरपासून, सरकारने ३५,००० पौंडांपर्यंत पूर्ण हमी दिली.

दुसरी गोष्ट वेळेची. पैसे विम्यातून मिळतात हे खरं, पण कधी? २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा पहिल्या आदेशात खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. नंतर ती टप्प्याटप्प्याने वाढली, पण ज्यांचा सगळा संसार त्या एका खात्यावर चालला होता त्यांचे तोवर काय हाल झाले असतील, कल्पना करा. पुढे २०२१ मध्ये भारतात कायदा बदलला. बँकेवर असे निर्बंध आले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत द्यायची तरतूद झाली. म्हणजे पैसे सुरक्षित असले तरी तीन महिने हाताशी नसतील, हे धरून चालायचं. यावरचा उपाय शेवटच्या पायरीत आहे.

आता अ‍ॅपवाल्या मंडळींबद्दल. फोनवर सुंदर दिसणारं, पाच मिनिटांत 'खातं' देणारं प्रत्येक अ‍ॅप बँक नसतं. पुष्कळदा ती मधली कंपनी असते आणि पैसे मागे तिसऱ्याच बँकेत असतात. अमेरिकेत सिनॅप्स नावाची अशी एक मध्यस्थ कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. एक लाखाहून जास्त लोकांचे मिळून सुमारे २६ कोटी ५० लाख डॉलर अडकले. विमा कामाला आला नाही, कारण बँक बुडालीच नव्हती, मधली कंपनी बुडाली होती. कोणाचे किती पैसे कोणत्या बँकेत आहेत याच्या नोंदीच जुळेनात. म्हणून अ‍ॅपच्या तळाशी बारीक अक्षरात 'बँकिंग सेवा अमुक बँकेमार्फत' असं लिहिलेलं दिसलं, तर त्या अमुक बँकेचं नाव लिहून घ्या आणि खातं तुमच्या नावाने थेट तिच्याकडे आहे का, हे लेखी विचारा.

परवाना तपासायला पाच मिनिटं लागतात. देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या किंवा ठेव विमा संस्थेच्या संकेतस्थळावर यादी असते. तिथे स्वतः जाऊन नाव शोधा. बँकेने पाठवलेल्या लिंकवरून जाऊ नका, कारण बनावट बँक बनावट यादीही दाखवू शकते.

तिसरी पायरी: व्याजदराआधी दरपत्रक

नवखा माणूस विचारतो, "व्याज किती देता?" जाणता विचारतो, "कापता किती?"

साधा हिशेब मांडू. चलन कुठलंही घ्या. खात्यात सरासरी ५०,००० राहतात आणि एक बँक दुसरीपेक्षा पूर्ण १ टक्का जास्त व्याज देते. वर्षाचा फायदा ५००. आता तीच बँक दरमहा खात्याची देखभाल, मेसेज, कार्ड मिळून ५० कापत असेल, तर वर्षाला ६०० गेले. ज्या व्याजाच्या पाटीकडे बघून आत गेलात, तिने शंभराचा खड्डा पाडला. महिनाअखेरीला खात्यात फारसं काही उरत नसेल, तर व्याजदर हा तुमच्यासाठी जवळजवळ निरर्थक मुद्दा आहे. मोठी शिल्लक राहत असेल तर ती तशीही बचत खात्यात न ठेवता मुदत ठेवीत टाकणं बरं.

व्याजाचीच तुलना करायची झाली तर दोन गोष्टी बघा. एक, जाहिरातीतला वरचा दर कोणत्या रकमेच्या पुढे लागतो? बहुतेक वेळा तो फक्त त्या टप्प्यावरच्या रकमेला लागतो, खालच्या रकमेला साधाच दर. दोन, व्याज रोजच्या शिलकेवर मोजतात की कसं? भारतात ३१ मार्च २०१० पर्यंत महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतची सर्वांत कमी शिलकेची रक्कम धरत असत. अकरा तारखेला लाख भरले तर त्या महिन्यापुरते ते व्याजाच्या हिशेबात नसल्यासारखेच. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकेवर व्याज सुरू झालं.

किमान शिलकेची अट असेल तर ती 'कोणत्याही दिवशी' आहे की 'महिन्याची सरासरी', हे विचारायला लाजू नका, कारण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सरासरी १०,००० हवी म्हणजे तीस दिवसांच्या शिलकांची बेरीज ३ लाख भरली पाहिजे. पंधरा दिवस २०,००० ठेवले आणि उरलेले पंधरा दिवस खातं रिकामं राहिलं, तरी अट पूर्ण झाली. रोजची अट असती तर तेच खातं पंधरा दिवस दंडात गेलं असतं. ज्यांचं उत्पन्न अनियमित आहे त्यांनी शून्य शिलकेचं खातं मागावं. भारतात मूलभूत बचत खातं असतंच, त्याला किमान शिलकेची अट नसते. युरोपीय संघात २०१४ च्या निर्देशानुसार कायदेशीरपणे राहणाऱ्या प्रत्येकाला मूलभूत खात्याचा हक्क आहे. काउंटरवरचा माणूस अशा खात्याचं नाव आपणहून काढत नाही. आपण नाव घेऊन मागायचं.

ओव्हरड्राफ्टची, म्हणजे शिलकेपेक्षा जास्त खर्च करू देण्याची, सोय असेल तर फीचा नियम नीट वाचा. इथे क्रमानेही पैसे जातात, हे अनेकांना माहीत नसतं. समजा खात्यात १,००० आहेत आणि दिवसभरात ५०, ६०, ४० आणि शेवटी ९८० असे चार खर्च झाले. घडले त्या क्रमाने वजा केले तर पहिले तीन बसतात, फक्त शेवटचा तोट्यात जातो; फी एकदा. पण मोठा आधी वजा केला तर ९८० जाऊन २० उरतात आणि बाकीचे तिन्ही तोट्यात, फी तीनदा. अमेरिकेत काही बँका नेमकं हेच करत होत्या आणि प्रकरणं न्यायालयात गेली. त्यामुळे एकतर ही सोय बंद ठेवायला सांगा, म्हणजे पैसे नसतील तर व्यवहार नाकारला जाईल, नाहीतर फीला रोजची कमाल मर्यादा आहे का ते विचारा.

परदेशी जाणं असेल तर एक छोटी सूचना. तिथलं मशीन किंवा दुकानदार विचारतो, "तुमच्या स्वतःच्या चलनात रक्कम कापू का?" ऐकायला सोयीचं वाटतं, पण नाही म्हणा आणि तिथलं चलन निवडा. 'हो' म्हटलंत की विनिमय दर तुमची बँक किंवा कार्ड कंपनी नाही, तर समोरची बाजू ठरवते, आणि तो क्वचितच तुमच्या भल्याचा असतो.

चौथी पायरी: पैसे जाण्या-येण्याची वाट

शाखा किती जवळ, मशीन किती जवळ, हे तुमच्या कागदावरून ठरवा. रोख लागतच नसेल तर शाखा दूर असली म्हणून बिघडत नाही. पण एक तरी शाखा किंवा पत्ता असा हवा जिथे माणूस बसतो.

खात्यावरून खात्यावर लगेच पैसे पाठवण्याची सोय आता बऱ्याच देशांत आहे. भारतात २०१६ पासून यूपीआय, ब्राझीलमध्ये २०२० पासून पिक्स. विचारायचं ते हे की त्याला वेगळी फी आहे का, आणि दिवसाची मर्यादा आपल्याला हवी तशी कमी-जास्त करता येते का.

दुसरा प्रश्न: पैसे पाठवताना समोरच्या खात्याचं नाव दिसतं का? पुष्कळ लोकांचा समज असतो की नाव चुकलं तर पैसे जाणार नाहीत. पारंपरिक पद्धतीत पैसे खाते क्रमांकावर जातात, नाव कोणी जुळवून पाहत नाही. युरोपातल्या खाते क्रमांकात, म्हणजे आयबानमध्ये, दोन तपास-अंक असतात. आकडा टाइप करताना चूक झाली तर ती त्यात पकडली जाते, पण ठगाने दिलेला बरोबर क्रमांक बरोबरच ठरतो. त्यासाठी नाव पडताळणी हवी. ब्रिटनमधल्या मोठ्या बँकांनी ती २०२० मध्ये सुरू केली. युरो वापरणाऱ्या देशांत ती ९ ऑक्टोबर २०२५ पासून बँकांना बंधनकारक आहे. भारतात आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ ची मुदत घातली. आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये ही सोय आहे का, ते कोणाच्या तरी फोनवर प्रत्यक्ष बघा.

पाचवी पायरी: अडल्या दिवसाची रंगीत तालीम

माझ्या मते खरी निवड इथे होते. इथपर्यंत दोन-तीन नावं उरली असतील. आता त्यांना खातं उघडण्याआधीच त्रास द्या.

रात्री साडेदहाला हेल्पलाइनला फोन लावा. किती बटणं दाबल्यावर माणूस भेटतो ते मोजा. 'कार्ड हरवलं' हा पर्याय सगळ्यांत आधी येतो की नव्या कर्जाची जाहिरात आधी ऐकवतात? बँकेचा स्वभाव इथेच कळतो. मग एक नेमका प्रश्न ईमेलने पाठवा: "फोन आणि सिमकार्ड दोन्ही चोरीला गेले, तर मी खात्यात परत कसं शिरायचं?" उत्तर दोन दिवसांत आलं आणि त्यात पायऱ्या होत्या, तर बँक बरी. 'आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे' एवढंच आलं, तर नाव खोडा. हा प्रश्न मुद्दाम निवडलाय, कारण ओटीपी, अ‍ॅप, ईमेल सगळं एकाच फोनवर असतं आणि फोन गेला की माणूस स्वतःच्या पैशांपुढे परका होतो.

शाखेत जायचं असेल तर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जा. रिकाम्या शाखेत सगळेच गोड बोलतात.

अ‍ॅपमध्ये कार्ड एका बटणावर बंद करता येतं का? ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार वेगवेगळे चालू-बंद करता येतात का? अ‍ॅपची परीक्षणं वाचताना पाच तारेवाली सोडा, गेल्या तीन महिन्यांतली एक तारेवाली वाचा. एकच तक्रार दहा जण करत असतील तर ती तक्रार नसून त्या बँकेची पद्धत आहे.

मोठं नाव म्हणजे यंत्रणा पक्की, असंही नाही. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने २०१८ च्या एप्रिलमध्ये सगळी खाती नव्या संगणक प्रणालीवर हलवली आणि १९ लाखांपर्यंत ग्राहक स्वतःच्याच खात्याबाहेर अडकले. सगळं पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. सिंगापूरच्या डीबीएस बँकेत वारंवार सेवा बंद पडल्यावर २०२३ मध्ये तिथल्या नियामकाने अनावश्यक संगणकीय बदलांना सहा महिने बंदी घातली. अशा बातम्या शोधायला बँकेच्या नावापुढे 'सेवा ठप्प' लिहून शोधलं तरी पुरतं.

फसवणूक झाली तर नुकसान कोणाचं, हे आधीच माहीत हवं. याचे नियम बँकेच्या मर्जीवर नसतात, देशाचे असतात आणि त्यात वेळेला फार किंमत असते. अमेरिकेत कार्ड हरवल्याचं कळल्यावर दोन कामकाजी दिवसांत कळवलंत तर तुमची जबाबदारी ५० डॉलरपर्यंत, उशीर झाला तर ५०० पर्यंत, आणि पासबुक किंवा विवरण आल्यावर ६० दिवसांतही कळवलं नाही तर त्यानंतरच्या नुकसानीला मर्यादाच नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने भारतात असं तत्त्व घालून दिलं की चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, आणि तुम्ही तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. मात्र ओटीपी आपणच सांगितला असेल तर गोष्ट वेगळी. ब्रिटनने त्यापुढे पाऊल टाकलं. ७ ऑक्टोबर २०२४ पासून, फसून स्वतःच्या हाताने पाठवलेले पैसेही ८५,००० पौंडांपर्यंत परत द्यावे लागतात आणि तो बोजा पाठवणारी व घेणारी बँक निम्मा-निम्मा उचलते. तुम्ही असाल त्या देशाचा नियम शोधा आणि तो 'किती दिवसांत' एवढा एक आकडा लक्षात ठेवा.

तक्रारीची शिडीही आधीच बघून ठेवा. बँकेकडे तक्रार, तक्रार क्रमांक हातात, ठरलेल्या मुदतीत समाधान नाही झालं तर लोकपाल, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी. भारतात ही मुदत ३० दिवसांची आहे आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायला फी लागत नाही. ब्रिटनमध्ये आठ आठवडे. तोंडी तक्रार ही तक्रार नसते, ते गाऱ्हाणं असतं. क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका. माझा दीड महिना याच अडाणीपणामुळे गेला. पहिले तीन आठवडे माझ्याकडे क्रमांकच नव्हता.

सहावी पायरी: खातं उघडताना

ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा सगळीकडे लागतो. नव्या ठिकाणी पत्त्याचा पुरावा नसतो, आणि तो मिळवायला भाडेकरार लागतो, आणि भाड्यासाठी खातं लागतं. या चक्रात सापडलात तर कॉलेजचं किंवा नोकरी देणाऱ्याचं पत्र चालतं का, हे आधी विचारा.

अर्जावर आधीच खुणा केलेल्या चौकोनांकडे लक्ष द्या. अपघात विमा, क्रेडिट कार्ड, 'प्रीमियम' खातं, जाहिरातीचे मेसेज हे सगळं तिथे दडलेलं असतं. खातं हवं असेल तर विमा घ्यावाच लागेल असं कोणी म्हणालं तर शांतपणे म्हणा, "हे लेखी द्या." बहुतेकदा अट तिथेच विरघळते.

नॉमिनीचं नाव त्याच दिवशी लिहा. 'नंतर भरू' म्हटलेला रकाना पुढे घरच्यांना चकरा मारायला लावतो. भारतात १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावं देता येतात. संयुक्त खातं असेल तर सही दोघांची लागणार की कोणाही एकाची, हे ठरवून लिहा. 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' या प्रकारात एकजण गेल्यावर दुसऱ्याचा व्यवहार अडत नाही. पण दोघांपैकी कोणीही सगळे पैसे काढू शकतो, हेही त्यातच आलं.

सातवी पायरी: पगार लगेच वळवू नका

नव्या खात्यात थोडी रक्कम टाका आणि महिनाभर वापरून बघा. एकदा पैसे काढा, एकदा पाठवा, एक बिल भरा, एकदा पासवर्ड मुद्दाम विसरून परत मिळवा. सगळं सुरळीत झालं तरच पगार आणि हप्ते हलवा. ब्रिटनमध्ये २०१३ पासून सात कामकाजी दिवसांत सगळे हप्ते आपोआप नव्या बँकेत नेऊन देणारी सेवा आहे. इतर ठिकाणी हे काम आपणच करायचं. जुन्या खात्याचं वर्षभराचं विवरण काढा आणि आपोआप वजा होणाऱ्या प्रत्येक रकमेवर खूण करा. वर्षातून एकदाच येणारे हप्ते इथेच सापडतात.

आणि मघाशी म्हटलेला उपाय: दुसऱ्या परवान्याच्या बँकेत एक छोटं, बिनखर्चाचं खातं ठेवा. त्यात महिन्या-दोन महिन्यांचा खर्च निघेल एवढी रक्कम आणि वेगळ्या खिशात ठेवलेलं वेगळं कार्ड. एक बँक बंद पडली, कार्ड गोठलं, प्रणाली बिघडली, तरी त्या दिवशी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. पाच-सहा खाती मात्र काढू नका. विसरलेलं खातं निष्क्रिय होतं. भारतात दोन वर्षं ग्राहकाने काहीच व्यवहार केला नाही की तसं होतं, आणि ते पुन्हा चालू करायला सगळी कागदपत्रं परत द्यावी लागतात. दुसऱ्या खात्यातून तीन महिन्यांतून एकदा एखादं छोटं बिल भरत राहा.

जुनं खातं बंद करायचं ठरवलंत तर आधी सगळी विवरणं उतरवून घ्या, कारण खातं बंद झालं की लॉगिनही जातं आणि कर भरताना तेच कागद लागतात. शिल्लक शून्य करून सोडून देऊ नका. अर्ज द्या, पोच घ्या, आणि महिनाभराने खातं बंद झाल्याचं लेखी पत्र मागून घ्या.